रद्द करायची मुदत

"काका, या वेळी चौथं कलम वाचू नकोस," चिमी म्हणाली.

तिच्या ऑफिसच्या खाली चहाचं एक छोटं दुकान आहे, तिथे आम्ही बसलो होतो. चिमी माझ्या थोरल्या भावाची, दादाची मुलगी. पन्नाशीला टेकली, केस पिकले, हाताखाली माणसं आली, तरी घरात अजून चिमीच. हे तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, कपाच्या कानात बोट अडकवून. मी ऐकलंच नाही असं दाखवू शकलो असतो. माझ्या कानांबद्दल घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिने लगेच पुढे सांगितलं की खोटं काही वाचायचं नाही, फक्त एक कलम गाळायचं. बाबाला पहिली तीन ऐकवायची, त्याने सही करायची, आणि मग दोन दिवस त्याचा फोन तिच्याकडे राहील. दुरुस्तीच्या निमित्ताने.

मी म्हटलं, बघतो. हे उत्तर मी आयुष्यभर देत आलो आहे, आणि ते ऐकून आजवर कुणाचं समाधान झालेलं पाहिलं नाही.

आमचा छापखाना बंद पडला तेव्हा तिथल्या लोकांनी एक मदतनिधी काढला होता. ज्याला जमेल तसं त्याने त्यात घालायचं, आणि कुणी आजारी पडलं की त्यातून दवाखान्याचं बिल भागवायचं. दादा यंत्रविभागाचा प्रमुख होता. मी तिथल्या ग्रंथालयात होतो. म्हणजे जे छापलं जाई त्याची एकेक प्रत जपून ठेवायची, एवढंच माझं काम. निधी कुणा एकाच्या हातात नको, यावर दादा ठाम होता. मग चिमीने त्यासाठी एक करार लिहून दिला. कागदावरचा नव्हे, संगणकावरचा. तो जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी राहतो, दवाखान्याने बिल खरं आहे असं कळवलं की आपण होऊन पैसे देतो, आणि कुणाच्या सांगण्यावरून थांबत नाही की घाई करत नाही. दादाला हे फार आवडलं. चांगल्या यंत्रासारखं आहे, म्हणाला. चालू केलं की माणसाने बाजूला उभं राहायचं. चिमीने त्याला विचारलं होतं की अडीनडीला सगळं थांबवायची एखादी कळ ठेवू का. तो नको म्हणाला. आजारी माणसाचं बिल अडवायची कळ कुणाच्याच हाताशी असू नये.

पण यंत्रातलाही एखादा भाग कधी ना कधी बदलावा लागतो. करार बदलायचा झाला तर त्यासाठी पाच जणांना पाच किल्ल्या दिल्या. किल्ली म्हणजे अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी, तिला एक इवलासा पडदा आणि दोन बटणं. तिच्या पोटात एक गुप्त आकडा असतो, तो तिच्या मालकालाही दिसत नाही. मालकाने आपला पिन टाकून बटण दाबलं की त्याची सही होते. पाचांपैकी तिघांच्या सह्या झाल्या की बदल मंजूर.

याला दादाने आपले दोन नियम जोडले. सही करताना त्या पडद्यावर अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ दिसते. चिमीने पाठवलेल्या माळेशी ती जुळवून बघता येते, पण तिच्यात काय दडलंय ते कुणालाच कळत नाही. म्हणून बदल काय आहे ते आधी साध्या भाषेत लिहायचं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. वाचल्याशिवाय सही नाही. लिहिण्याचं आणि वाचण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकीच्यांना कामं होती. दुसरा नियम असा की सह्या झाल्यावरही बदल दोन दिवस रांगेत थांबेल, आणि त्या मुदतीत पाचांपैकी कुणीही एकटा तो रद्द करू शकेल.

"रागावलेल्या माणसाला दोन दिवस द्यावेत," दादा तेव्हा म्हणाला होता. "आणि झोपलेल्याला पण."

पाच किल्ल्यांपैकी एक शाईवाल्यांची, म्हणजे छापखान्यात शाईचं काम बघायचे त्यांची. ते गेले. त्यांची किल्ली त्यांच्या बायकोने कपाटात त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवली. पिन तिला माहीत नाही. नियमाने आम्ही त्यांची किल्ली काढून दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवी होती. पण त्यासाठी मला कागदावर 'शाईवाल्यांना काढण्यात यावे' असं काहीतरी लिहून ते चारचौघांत वाचावं लागलं असतं, आणि त्या बाई अजून कुणाशी धड बोलत नव्हत्या. थोडे दिवस जाऊ देत, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. ते थोडे दिवस संपता संपेनात. दुसरी किल्ली हिशेबनीसांची. ते मुलीकडे राहायला गेले, आणि सामान आवरताना जुन्या चार्जरांबरोबर ती डबीही त्यांनी फेकून दिली. फोनवर सांगताना त्यांचा आवाज इतका पडला होता की आम्हीच त्यांना म्हणालो, असू द्या हो, होतं असं. चिमी तेव्हापासून ओरडत होती. तिघांच्या सह्या लागतात आणि किल्ल्याही तीनच उरल्या, म्हणजे एकाला जरा शिंक आली तरी घोडं अडलं. आम्ही माना डोलवल्या. आमच्या सगळ्या सभा माना डोलवूनच संपत.

उरलेल्या तीन किल्ल्या म्हणजे दादा, मी आणि बाइंडरबाई.

मग दादाला विसर पडायला लागला. जुनं सगळं पाठ. यंत्रांचे सुट्टे भाग, कोण कधी कामाला लागला, कुणाचं बोट कुठल्या यंत्रात गेलं. किल्लीचा पिनही पाठ. जात होतं ते काल आणि परवा. सकाळी केलेली गोष्ट संध्याकाळी त्याच्यापुढे नव्याने उभी राहायची, आणि तो तिच्याकडे अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसा बघायचा.

त्याच सुमाराला चिमीला करारात एक दोष सापडला. एकच बिल जरा वेगळ्या वाटेने पुन्हा पाठवलं, तर करार ते नवं समजून पुन्हा पैसे देतो. अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण करार सगळ्यांना उघडा असतो, वाचणारा कुणीही वाचू शकतो, आणि असले दोष शोधत बसणं हाच काहींचा धंदा असतो. एकदा कुणाच्या हाती लागला की निधी रिकामा. आमच्या यंत्रविभागातला एक जण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. बाकी कुणाकुणाचं काय चाललंय ते मी सांगत बसत नाही.

तेव्हा एक बदल करायचा ठरला. पहिल्या तीन कलमांत तो दोष बुजवायचा आणि चौथ्यात काही जुन्या किल्ल्या बाद करून नव्या माणसांच्या हाती द्यायच्या. चौथं कलम दादाने स्वतःच घालायला लावलं. त्या सकाळी तो अगदी स्वच्छ होता. वहिनी होत्या, मी होतो. त्याने चिमीला समोर बसवलं आणि सांगितलं, "माझी किल्ली काढ. मला माझा भरवसा राहिलेला नाही." आवाजात काही नव्हतं, सुट्या भागाची ऑर्डर द्यावी तसं सांगितलं. चिमी बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दादाच्या फोनवर नेहमीची सूचना आली की अमुक बदल रांगेत आहे, त्यात तुमची किल्ली बाद होत आहे, रद्द करायचा असल्यास करा. आदला दिवस त्याच्याजवळ उरलाच नव्हता. त्याला एवढंच दिसलं की पाठीमागून कुणीतरी आपल्याला काढतंय. त्याने रद्द केलं. मग चिमीला फोन करून चोर म्हणाला. त्यानंतर काही दिवसांनी पुन्हा वाचन, पुन्हा सही, पुन्हा सूचना, पुन्हा रद्द, आणि पुन्हा तोच शब्द.

"रांगेतला बदल पण सगळ्यांना दिसतो, काका," चिमी चहाच्या दुकानात म्हणाली. "आपण दोनदा खिडकीत पाटी लावलीय, की आमच्या मागच्या दाराची कडी मोडकी आहे. आता तिसऱ्यांदा लावायची. आणि प्रत्येक वेळी त्याला ते पहिल्यांदाच ऐकावं लागतं, हे तुझ्या लक्षात येतंय का? त्यानेच सांगितलंय ना काढायला? मग त्याला पुन्हा पुन्हा कशाला ऐकवायचं?"

 तिचं चूक होतं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाइंडरबाईंकडे गेलो. बाईंचं स्वतःचं दुकान आहे, एका गल्लीत, अर्ध्या तळघरात. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. सरसाचा वास, कोपऱ्यात कागद कापायचं जुनं यंत्र, टेबलावर कुणाचातरी जाडजूड प्रबंध दाबात घातलेला. बाई मला लायब्ररीवाले म्हणतात. छापखान्यात असताना त्यांनी बांधलेलं प्रत्येक पुस्तक मी तपासून घ्यायचो, त्याचा राग त्यांनी अजून सोडलेला नाही.

मी त्यांना चिमीचं म्हणणं सांगितलं. त्या पुठ्ठ्याला कापड चिकटवत होत्या, आणि हाडाच्या पट्टीने त्यातली हवा काढता काढता ऐकत होत्या. कलम गाळावं की वाचावं, याबद्दल त्यांनी काहीच मत दिलं नाही. त्यांनी विचारलं, चौथ्या कलमात नावं कुणाकुणाची आहेत.

मी म्हटलं, दादाची, शाईवाल्यांची, हिशेबनीसांची. तुमची आणि माझी राहते आहे.

"म्हणजे एक मेलेला, एक पसार झालेला, आणि तुमचा भाऊ," बाई म्हणाल्या. "चांगल्या माणसांत बसवलंय त्याला. मी पण रद्द केलं असतं."

मी त्यांना आठवण करून दिली की त्यानेच सांगितलं होतं.

"सांगितलं असेल हो. मी पण नवऱ्याला रोज सांगते, मी गेले की रडत बसू नका. खरंच रडला नाही तर बघते त्याच्याकडे." त्यांनी कापडाची कड दुमडली. "विसरतो म्हणून रद्द करतो असं वाटतं तुम्हाला? विसरतो ते ठीक आहे. पण डोळे उघडतो तेव्हा समोर काय दिसतं? बाकी सगळे आत बसलेत आणि याला एकट्याला उठवलंय. ते बघायला आठवण कशाला लागते?"

मग जरा वेळाने, पट्टी खाली ठेवत, त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं की तुमची किल्ली तुम्ही कुठे ठेवता.

मी सांगितलं, चष्म्याच्या जुन्या डबीत, पुस्तकांच्या मागे. त्या हसल्या. तसं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण घरी येईपर्यंत मला त्या हसण्याने सोडलं नाही. खरं म्हणजे ती डबी मी अधूनमधून काढून उघडून बघतो. काम काही नसतं. किल्ली जागेवर आहे ना, एवढंच. मला आयुष्यात कुणी फारसं काही सोपवलं नाही आणि मीही मागितलं नाही. पुस्तकांच्या प्रती सोपवल्या होत्या, त्या छापखाना बंद झाल्यावर रद्दीत गेल्या. त्यानंतर ही किल्ली. पाचांत एक म्हणून माझं नाव घेतलं गेलं तेव्हा मी घरी येऊन उगाच दाढी केली होती. दादाची किल्ली काढायचं कलम मी दोनदा लिहिलं, दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा माझी राहते आहे हे मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटून घेतलं. माझं वय दादापेक्षा फार कमी आहे अशातला भाग नाही. कालच्या गोष्टी मला आठवतात, आज तरी. उद्याचं मी कुणाला लिहून देऊ शकत नाही.

मी चिमीला फोन केला आणि म्हटलं, चौथ्या कलमात माझी पण किल्ली घाल.

 ती म्हणाली, तुझी कशाला, तुझं डोकं शाबूत आहे. मी म्हटलं, आज आहे. तिने बऱ्याच अडचणी सांगितल्या. आणखी एक नवा माणूस शोधावा लागेल, बदल पुन्हा तपासावा लागेल, त्यात दिवस जातील, आणि तेवढे दिवस तो दोष तसाच उघडा राहील. सगळं बरोबर होतं. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला नाही, एवढंच मला जमलं. शेवटी तिने विचारलं, "आणि वाचणार आहेस ना? चारही?"

"चारही," मी म्हटलं. "फोन पण त्याच्याकडेच राहू दे. मी येऊन राहतो दोन दिवस."

"तो पुन्हा रद्द करील, काका."

"करील कदाचित."

"मग?"

"मग पुन्हा वाचू."

तिने कंटाळून फोन ठेवला. तिच्या जागी मी असतो तर मीही ठेवला असता.

नव्या पाचांत बाई राहिल्या. त्यांना काढायची कुणाची छाती नव्हती. बाकी शाईवाल्यांची सून, यंत्रविभागातल्या त्या आजारी माणसाचा भाचा, एक निवृत्त नर्स आणि छापखान्याच्या जुन्या वकिलाची मुलगी. शाईवाल्यांच्या घरी मी स्वतः गेलो, किल्ली बाद होणार आहे हे सांगायला. त्यांच्या बायकोने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग ती डबी मी ठेवली तर चालेल ना. मी म्हटलं, चालेल की. इतकी वर्षं आम्ही ज्या गोष्टीला घाबरत होतो ती एवढीच होती. परतताना मला कुणाशी तरी भांडावंसं वाटलं, पण भांडायला कुणी नव्हतं.

तपासणी झाल्यावर चिमी, बाई आणि मी दादाकडे जमलो. दुपारची वेळ. चिमीने तिचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलाच्या टोकाला मांडला. वहिनी ताटं पुसत ओट्याशी उभ्या राहिल्या, कारण त्यांना बसून ऐकवत नाही. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. किल्ली त्याच्या वरच्या खिशात असते, ती काढून त्याने टेबलावर उभी ठेवली.

"वाचा, वाळवी," तो म्हणाला. लहानपणापासून तो मला वाळवीच म्हणतो, पुस्तकांत तोंड घालून बसतो म्हणून.

मी पहिली तीन कलमं वाचली. त्याने मध्येच थांबवून विचारलं, वेगळ्या वाटेने म्हणजे कशी? चिमीने समजावलं. तो म्हणाला, दोन रोलरच्या मधून एकच कागद दोनदा जातोय, असं सांग ना सरळ. चिमी हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी.

मग मी चौथं वाचलं. त्याची किल्ली, माझी किल्ली, शाईवाल्यांची आणि हिशेबनीसांची, या चारही यापुढे चालणार नाहीत. त्यांच्या जागी अमुक अमुक. वाचताना मी कागदावरून नजर उचलली नाही. ओट्यावरचा आवाज थांबला होता.

"माझी काढायची असं कोण म्हणालं?" दादाने विचारलं.

"तू."

त्याने वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"कधी?"

मी सांगितलं कधी, कुठल्या खुर्चीवर बसून, कोण कोण होतं. तो ऐकत होता, एखाद्या तिसऱ्याच माणसाची गोष्ट ऐकावी तसा. मग म्हणाला, "पण का?"

हे मला टाळता आलं असतं. चिमी माझ्याकडे बघत होती, आणि टाळ, असंच तिच्या डोळ्यांत होतं. मी म्हटलं, "तू म्हणालास, मला माझा भरवसा राहिलेला नाही."

 बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा लावलाच नाही. दादा टेबलावरची किल्ली एका बोटाने पाडत होता आणि उभी करत होता.

"मी असं म्हणालो?"

"याच शब्दांत."

"बरोबर म्हणालो," तो म्हणाला. "आणि तुझी का?"

"मी थकलो रे आता."

"तू कधी नव्हतास थकलेला?" त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर एकदम ती जुनी खोडी आली. "वाळवी थकली म्हणजे फळी संपली."

त्याने पिन टाकला. अडखळला नाही. पडद्यावरची माळ त्याने चिमीच्या माळेशी शेवटपर्यंत जुळवली, ओठ हलवत, आणि बटण दाबलं. मग बाईंनी, मग मी. चिमीने लॅपटॉप मिटला. दोन दिवस सुरू झाले.

मी बॅग घेऊनच आलो होतो. दादाच्या घरात मला झोपायला कोचच मिळतो, आणि माझ्या पाठीला तो मानवत नाही. पहिल्या संध्याकाळी काही झालं नाही. आम्ही बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीत कोण काय वाळत घालतंय ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूचना आली. तो चहा अर्धा टाकून उठला आणि फोन माझ्यासमोर धरला. 

"हे काय चाललंय? चिमी मला काढतेय?"

मी खिशातून कागद काढला आणि चारही कलमं वाचली. त्याने विचारलं, मी कधी म्हणालो; मी सांगितलं. त्याने विचारलं, का. मी तेही सांगितलं. प्रत्येक वेळी ते वाक्य त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पडत होतं, आणि प्रत्येक वेळी मला ते बघावं लागत होतं. मग तो विचारायचा, "आणि तुझी?" मी म्हणायचो, माझी पण. मग वाळवी थकली म्हणजे फळी संपली, आणि फोन खाली. हा विनोद मी त्या दोन दिवसांत किती वेळा ऐकला ते मोजलं नाही. जेवताना, अंघोळीला निघताना, एकदा जिन्यात, शेजाऱ्यांसमोर. कधी मधे तास गेला, कधी चहाचं पाणी उकळेपर्यंतही वेळ गेला नाही. वहिनी एकदा हळूच म्हणाल्या, भाऊजी, फोन जरा लपवला तर? त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता. मी म्हटलं, मुदत संपेपर्यंत रद्द करायचा हक्क त्याचा आहे. हे बोलताना मला स्वतःचाच राग आला. दुसऱ्याच्या हक्काच्या गप्पा मारायला मला काय जात होतं. मी उद्या-परवा घरी जाणार, त्या इथेच राहणार.

मुदतीच्या शेवटच्या दुपारी मला खुर्चीतच डुलकी लागली. जाग आली ती वहिनींच्या हाकेने. दादा टेबलाशी उभा होता. फोन उघडा, किल्ली फोनला जोडलेली, पिन टाकून झालेला. किल्लीच्या पडद्यावर प्रश्न होता: रद्द करायचं? त्याचा अंगठा बटणावर होता.

मी उठलो, पण तिथेच थांबलो. टेबल दोन पावलांवर होतं. त्याचा हात धरायला एवढं अंतर काही जास्त नव्हतं.

"मला काढतायत, वाळवी," तो म्हणाला. रागाने नव्हे. राग संपला होता, खाली नुसता गाळ उरला होता.

"वाचू का?"

 कागद माझ्या हाताशी नव्हता, कोचाच्या बाजूला कुठेतरी पडला होता. पण आता तो मला पाठ होता. मी वाचायला, म्हणजे म्हणायला सुरुवात केली. दमलो होतो, पहिली तीन कलमं भराभर उरकायला लागलो.

"नीट," दादा म्हणाला. "भराभर नको."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अंगठा बटणावरच होता. चौथं आलं. त्याची किल्ली, माझी किल्ली, शाईवाल्यांची, हिशेबनीसांची.

"तुझी पण?"

"माझी पण."

"तू कशाला?" मग तो मला नवीनच वाटेल असं काहीतरी बोलला, नेहमीचा विनोद न करता. "तू तर विसरत नाहीस काही."

"नाही," मी म्हटलं. "पण तुझ्याशिवाय मी तिथे काय करू? मी आपला वाचणार. ठरवायचास तूच."

तो माझ्याकडे बघत राहिला. किल्लीचा पडदा, कुणीच काही दाबलं नाही म्हणून, थोड्या वेळाने आपोआप विझला. त्याने अंगठा काढला आणि तो अंगठा शर्टाला पुसला, शाई लागल्यासारखा.

चिमी संध्याकाळी ऑफिसातून थेट आली. आत येऊन, बूट न काढता, दाराजवळच्या स्टुलावर बसली. लागू झालं, म्हणाली. दोष बुजला, नव्या चारही किल्ल्या चालू झाल्या. वहिनींनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं ते एवढंच, की आज रात्री आपल्या पलंगावर झोपता येईल.

तेवढ्यात दादा खोलीतून बाहेर आला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशातून किल्ली काढून हातात धरली होती.

"सगळे जमलेत का?" तो म्हणाला. "वाचा मग. मला सही करायचीय."

चिमीने माझ्याकडे पाहिलं. ओठांवर आलेला शब्द तिने गिळला. मी कोचाच्या फटीतून कागद शोधून काढला, हाताने सरळ केला, आणि चारही कलमं वाचली. त्याने विचारलं, मी कधी म्हणालो. मी सांगितलं. त्याने विचारलं, का. मी सांगितलं. तुझी पण? माझी पण. फळी संपली.

त्याने पिन टाकला, सावकाश, बरोबर. किल्लीचा पडदा उजळला. आपल्याला आता कुणी विचारत नाही हे तिला कुणी कळवलेलं नसतं. त्याने बटण दाबलं.

"झालं?"

"झालं," मी म्हटलं.

"मग आता दोन दिवस थांबायचं," दादा म्हणाला आणि किल्ली खिशात टाकून खुर्चीत बसला. "कुणाला रद्द करायचं असेल तर करू दे."

मी माझी बॅग दाराशी नेऊन ठेवली होती, ती पुन्हा आत आणली.